तिसरा फ्लेमिंग

फ्लेमिंग म्हटलं की इलेक्ट्रिकलवाल्यांचा डावा हात आपोआप वर येतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तिन्ही एकमेकांना काटकोनात. व्हायवाच्या आदल्या रात्री आमच्या हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये चार-पाच जणी असे वाकडे हात करून फिरताना दिसल्या तर घाबरू नका, मोटरचा नियम पाठ करणं चाललेलं असतं. हा झाला पहिला फ्लेमिंग, जॉन अँब्रोस. दुसरा पेनिसिलिनवाला अलेक्झांडर, तो शाळेतच भेटतो. मी लिहिणार आहे ते तिसऱ्याबद्दल, वाल्टर फ्लेमिंगबद्दल. रोमन लिपीत त्याच्या आडनावात एक ‘म’ जास्त आहे, एवढीच ओळखीची खूण.

मराठी विभागासाठी थोर व्यक्तीवर लेख हवा होता. विश्वेश्वरय्या दरवर्षी असतातच, कलाम सर सिव्हिलच्या एकीने आधीच घेतले होते. मी वाल्टर फ्लेमिंग म्हटल्यावर संपादक मंडळातल्या मुलाने पेनिसिलिन ना, असं विचारून नाव लिहूनही घेतलं. नाही रे बाबा. पेशी दोन कशा होतात ते ज्याने पाहिलं, तो.

बायॉलॉजीचा आणि माझा संबंध दहावीनंतर सुटला होता. अकरावीला गणित घेतलं आणि बेडकांना रामराम केला. तो संबंध पुन्हा जुळला माझ्या आत्यामुळे. आत्या इचलकरंजीची, घरचे यंत्रमाग आहेत. मागच्या वर्षी तिच्या गळ्याजवळ एक गाठ आली. दुखत नव्हती म्हणून तिने दोन महिने कुणाला सांगितलंच नाही. मग तपासण्या झाल्या आणि लिम्फोमा हा शब्द घरात आला. दर एकवीस दिवसांनी केमो, अशा सहा. सुट्टी काढून मी दोन वेळा तिच्याबरोबर गेले. सलाइनच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचण्याखेरीज तिथे करायला काही नसतं. त्यातलं एक नाव होतं व्हिन्क्रिस्टिन. ते सदाफुलीपासून काढतात असं तिथल्या सिस्टरने सांगितलं. ते पेशीचं विभाजन मध्येच अडवतं, असंही म्हणाल्या. मध्येच म्हणजे नेमकं कुठे? हा प्रश्न मी इंजिनिअरिंगच्या सवयीने विचारला आणि त्यांनी इंजिनिअरिंगवालीला द्यावं तसंच हसून उत्तर टाळलं. हॉस्टेलवर परतल्यावर लायब्ररीच्या अगदी शेवटच्या कपाटात बायॉलॉजीचं एक जाड पुस्तक सापडलं. त्यात विभाजनाच्या धड्याच्या सुरुवातीला दाढीवाल्या फ्लेमिंगचा फोटो होता.

वाल्टरचा जन्म २१ एप्रिल १८४३ चा. गाव जर्मनीतल्या श्वेरिन शहराजवळचं झाक्सेनबर्ग. हे गाव म्हणजे मुळात एक मनोरुग्णालय. मनाच्या रोग्यांना साखळदंडात न ठेवता त्यांच्यावर उपचार करायचे, हा विचारच तेव्हा नवा होता. त्यासाठी खास बांधलेल्या जर्मनीतल्या पहिल्यावहिल्या रुग्णालयांपैकी ते एक, १८३० साली उघडलेलं. वाल्टरचे वडील कार्ल फ्रीडरिश फ्लेमिंग तिथले संचालक. चार मुलींच्या पाठचा हा एकुलता मुलगा रुग्णालयाच्या आवारात वाढला.

शाळेतला त्याचा एक मित्र आपल्या कामाचा आहे. हाइनरिश झाइडेल त्याचं नाव. हा पुढे इंजिनिअर झाला आणि बर्लिनच्या आनहाल्टर रेल्वे स्टेशनचं लोखंडी छत त्याने डिझाइन केलं. मध्ये एकही खांब नाही आणि रुंदी साठ मीटरहून जास्त. १८८० साली ते स्टेशन सुरू झालं आणि त्याच वर्षी या पठ्ठ्याने नोकरी सोडून पूर्ण वेळ गोष्टी-कविता लिहायला घेतल्या. (आपल्यातल्या काहींना ही बातमी फार आवडेल, पण घरी सांगू नका.) दोघांची मैत्री आयुष्यभर टिकली. ते छत महायुद्धात गेलं, स्टेशनच्या दर्शनी भागाचा एक तुकडा तेवढा बर्लिनमध्ये उभा आहे.

वाल्टर डॉक्टरकीला गेला. गॉटिंगेन, ट्युबिंगेन, बर्लिन आणि शेवटी रोस्टॉक अशी चार विद्यापीठं त्याने केली. त्या काळी जर्मन विद्यार्थी असेच फिरत, याला ब्रँच बदलणं समजू नये. १८६८ मध्ये तो डॉक्टर झाला. पुढे फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध लागलं, तेव्हा १८७०-७१ मध्ये त्याने सैन्यात डॉक्टर म्हणून काम केलं. पण रोगी तपासत बसणं हा त्याचा पिंड नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली तो आधीच गुंतला होता. शिंपल्यांची ज्ञानेंद्रियं, चरबीच्या पेशी असले विषय. १८७३ मध्ये तो प्रागला शिकवायला गेला, तीन वर्षं राहिला. १८७६ मध्ये उत्तरेला बाल्टिक समुद्रकाठच्या कील विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि उरलेलं आयुष्य त्याने त्याच गावात काढलं. लग्न केलं नाही. कीलचं नाव आपल्याला अनोळखी वाटेल, पण १८८३ ते १८८५ मध्ये हाइनरिश हर्ट्झ याच विद्यापीठात शिकवत होता. म्हणजे पन्नास हर्ट्झमधला हर्ट्झ. त्यानंतर मॅक्स प्लांक चार वर्षं इथेच होता. एकाच गावात, एकाच दशकात. आपल्या कॅम्पसवर कोण कोण फिरतंय कुणास ठाऊक!

आता मूळ गोष्ट. १८३८-३९ च्या सुमारास श्लायडेन आणि श्वान यांनी सांगितलं की झाडं काय, प्राणी काय, सगळे पेशींचे बनलेले असतात. हे बरोबर. पण नवी पेशी येते कुठून, या प्रश्नाला त्यांचं उत्तर चुकलं. मिठाच्या पाण्यात खडा धरावा तशी पेशी द्रवातून जमत जाते, असं त्यांना वाटलं. पुढे रेमाक आणि फिरखो यांनी ते खोडलं. पेशी येते ती पेशीतूनच, एकीच्या दोन होऊन. इथपर्यंत १८५५ पर्यंत गाडी आली. पण दोन होताना आतल्या केंद्रकाचं काय होतं? रेमाकचं म्हणणं असं की तो मध्ये आवळला जातो आणि त्याचे दोन तुकडे होतात, कणकेचा गोळा पिळून दोन करावेत तसे. काहींना वाटे केंद्रक विरघळून जातो आणि नंतर दोन नवे तयार होतात. भांडण मिटत नव्हतं, कारण दिसतच नव्हतं. पेशी पारदर्शक. पाण्यात काचेचे तुकडे टाकून बघा, तसं.

दिसायला लागलं ते दोन गोष्टींमुळे आणि दोन्ही आपल्या बाजूच्या आहेत, म्हणजे कारखान्यातल्या. एक म्हणजे रंग. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा डांबरातल्या रसायनापासून क्विनिन करायला गेला आणि झाला जांभळा रंग. त्यातून कापड रंगवण्याचा केवढा मोठा उद्योग उभा राहिला. डांबरापासून निघालेले हे रंग शास्त्रज्ञांनी पेशींवर घालून पाहिले. फ्लेमिंगला आढळलं की केंद्रकातला एक पदार्थ हा रंग हावरटासारखा पिऊन घेतो, बाकीचा भाग फिकाच राहतो. त्या पदार्थाला त्याने क्रोमॅटिन म्हटलं. ग्रीकमध्ये क्रोमा म्हणजे रंग. दुसरी गोष्ट म्हणजे भिंगं. येनामध्ये कार्ल झाइसच्या कारखान्यात अर्न्स्ट आबे गणित करून भिंगं बनवत होता, नुसत्या अंदाजाने घासून नव्हे. १८७८ मध्ये त्याने भिंग आणि काच यांच्यामध्ये तेलाचा थेंब ठेवायची पद्धत आणली. काच आणि तेल यांचा अपवर्तनांक सारखा, त्यामुळे प्रकाश वाटेत वाकत नाही आणि अधिक बारीक दिसतं. फर्स्ट इयरला ऑप्टिक्स कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी सांगितलं.

पण रंग लावायचा तर पेशी आधी मारावी लागते. एरवी ती रंग घेत नाही. आणि मेलेल्या पेशीत काही घडत नाही, ती ज्या क्षणी मेली त्या क्षणाचा फोटो तेवढा मिळतो. अडचण इथे आहे. लग्नाच्या अल्बममधले सगळे फोटो काढून गादीवर पसरा आणि ज्याने आपल्याकडचं लग्न कधीच पाहिलं नाही अशा माणसाला क्रम लावायला सांगा. अंतरपाट आधी की सप्तपदी? पाठवणीत सगळे रडताहेत, म्हणजे कदाचित सुरुवात तीच असेल! फ्लेमिंगपुढे असेच फोटो होते. एका पेशीत गुंता दिसतोय, एकीत तारा, एकीत दोन तारे. शिवाय मारताना वापरलेल्या ॲसिडमुळेच हे धागे तयार झाले नाहीत कशावरून, अशी शंका घ्यायला लोक बसलेलेच होते. ती शंका वावगीही नव्हती.

त्याने उपाय शोधला तो प्राणी निवडण्यात. युरोपात ओढ्याकाठी काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचा सॅलॅमँडर असतो, पालीसारखा दिसणारा पण बेडकाच्या जातकुळीचा. त्याची पिल्लं पाण्यात राहतात. त्यांच्या शेपटीचा पडदा आणि कल्ले इतके पातळ की आरपार उजेड जातो. आणि पेशी भल्या मोठ्या. केंद्रक मोठा, आतले धागे जाड. शिवाय हा थंड रक्ताचा प्राणी, त्याचं सगळं निवांत. एक विभाजन पुरं व्हायला काही तास. म्हणजे पिल्लू जिवंत असताना शेपटीतली एकच पेशी धरून बसून राहिलं तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघता येतं. रंग नाही, त्यामुळे अगदी पुसट. पण क्रम कळतो. मग त्याच जागच्या पेशी मारून, रंगवून बारकावे पाहायचे. जिवंत पेशीतून क्रम, रंगवलेल्या पेशीतून तपशील, आणि दोन्ही एकमेकांशी ताडून पाहायचे. मारण्यासाठी क्रोमिक, ऑस्मिक आणि ॲसिटिक ॲसिडचं मिश्रणही त्याने स्वतः बसवलं. ते पुढे कित्येक वर्षं प्रयोगशाळांमध्ये फ्लेमिंगचं द्रावण म्हणूनच वापरलं गेलं.

मला तर या माणसाचं हेच सगळ्यात आवडलं. हुशारी नंतर, आधी बसणं. कीलच्या थंडीत एका भिंगाला डोळा लावून, दुसऱ्या हाताने कागदावर चित्र काढत.

त्याला दिसलं ते असं. एरवी केंद्रकातलं क्रोमॅटिन जाळीसारखं पसरलेलं असतं. विभाजन सुरू व्हायचं तेव्हा ते आटत, जाड होत जातं आणि धाग्यांचा गुंता दिसायला लागतो. याला त्याने सुताच्या लडीचं नाव दिलं. मग केंद्रकाचा पडदा नाहीसा होतो. धागे मधोमध येऊन एका पातळीत बसतात, वरून पाहिलं तर ताऱ्यासारखे. दोन टोकांकडून बारीक तंतू येऊन त्यांना भिडलेले असतात, मध्ये फुगीर आणि दोन्हीकडे निमुळते, सूत भरलेल्या चातीसारखे. मग धागे दोन गटांत विरुद्ध टोकांकडे सरकतात. एका ताऱ्याचे दोन तारे. टोकाला पोचले की पुन्हा लडी, पुन्हा जाळी, भोवती नवा पडदा. शेवटी पेशी मध्ये आवळली जाते आणि एकीच्या दोन. जाताना जी पावलं, तीच उलट्या क्रमाने परत येताना, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. आपण दहावीत पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था असं घोकतो ती नावं त्याची नाहीत. पहिली तीन १८८४ मध्ये श्ट्रासबुर्गर या वनस्पतीवाल्याने दिली, चौथं दहा वर्षांनी हाइडेनहाइनने. आणि धाग्यांना क्रोमोसोम हे नाव १८८८ मध्ये वाल्डायरने दिलं.

पण त्याने पाहिलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अगदी बारीक आहे आणि इतरांची तिच्यावरून नजर घसरली होती. प्रत्येक धागा उभा चिरलेला असतो. आडवा तुटलेला नाही, लांबीच्या बाजूने मधोमध चिरलेला, म्हणजे एकाला एक चिकटून दोन. आणि नंतर एक अर्धा इकडे जातो, एक तिकडे, असा त्याने अंदाज बांधला. तो अंदाज १८८३-८४ मध्ये बेल्जियमच्या व्हॅन बेनेडेन वगैरेंनी पक्का केला.

उभं का चिरायचं? गोळा नुसता दोन करायचा तर मधोमध आवळला की काम झालं, रेमाक म्हणाला तसं. एवढा सगळा खटाटोप, लडी काय, तारे काय, चाती काय, हे निसर्गाला महाग पडणार. मग कशासाठी? हा प्रश्न विल्हेल्म रूक्सने १८८३ मध्ये विचारला. उत्तर असं की नुसतं वजन अर्धं करायचं नसून धाग्याच्या लांबीवर जे काही निरनिराळं मांडून ठेवलंय, त्यातलं प्रत्येक दोन्हीकडे पोचवायचं आहे. आडवा कापला तर अर्धी यादी इकडे आणि अर्धी तिकडे. उभा चिरला तर दोघांनाही पूर्ण यादी. आज आपल्याला माहीत आहे की चिरण्याआधीच पेशीने डीएनएची दुसरी प्रत काढून ठेवलेली असते आणि फ्लेमिंगला दिसलेले दोन अर्धे म्हणजे त्या दोन प्रती. मशीनचा आकार बघून ते काय काम करत असेल हे ओळखायचं, रूक्सने तेच केलं.

आणि फ्लेमिंगने ते केलं नाही. १८८२ मध्ये त्याचं मोठं पुस्तक लाइपझिगमध्ये निघालं. पेशीचा पदार्थ, केंद्रक आणि पेशीविभाजन असं त्याचं नाव. शंभराहून जास्त चित्रं. मायटोसिस हा शब्द त्याच पुस्तकातला. प्रत्येक केंद्रक आधीच्या केंद्रकातूनच येतो, हेही त्यात त्याने ठामपणे मांडलं. पण हे धागे अनुवंशाचे आहेत, आईबापाचं नाक-डोळे त्यातून येतात, हा संबंध त्याने जोडला नाही. जे दिसतंय तेवढंच सांगायचं, हा त्याचा बाणा. त्यात चुकाही झाल्या. गुंता म्हणजे एकच सलग धागा आहे आणि त्याचे नंतर तुकडे पडतात असं त्याला वाटलं होतं, ते बरोबर नव्हतं.

इथे मला एक गोष्ट राहून राहून वाटते. १८६६ मध्ये ब्र्युन, म्हणजे आजच्या ब्रनो गावातल्या ग्रेगोर मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध छापून आला होता. गुण हे जोडीजोडीने असतात आणि वाटले जाताना सुटे होतात, हे त्यात आकडे मांडून दाखवलेलं होतं. फ्लेमिंग १८७३ ते १८७६ प्रागमध्ये होता तेव्हा मेंडेल ब्रनोच्या मठाचा प्रमुख होता, हयात. दोन्ही गावांत अंतर सुमारे दोनशे किलोमीटर, पुण्याहून नाशिक. रेल्वे होती, भाषा दोघांची जर्मन. एकाकडे हिशोब होता, दुसऱ्याकडे लवकरच चित्रं येणार होती. गाठ पडली नाही. मेंडेल १८८४ मध्ये गेला. त्याचा निबंध १९०० साली तिघांनी पुन्हा शोधून काढला आणि १९०२-०३ मध्ये अमेरिकेतल्या सटनने आणि जर्मनीतल्या बोव्हेरीने मेंडेलचे आकडे आणि फ्लेमिंगचे धागे एकत्र बांधले. फ्लेमिंग तेव्हा जिवंत होता, साठीचा.

पुस्तकानंतर तो थांबला नाही आणि आत्याच्या दुखण्याशी तो खरा येऊन भिडतो तो इथे. मी हे वाचलं तेव्हा मेसची घंटा होऊन गेली होती तरी उठले नाही. १८८४-८५ मध्ये फ्लेमिंगने लसीकाग्रंथी तपासायला घेतल्या. गळ्यात, काखेत, जांघेत असतात त्या. तिथे त्याला फिकट गोल ठिपके दिसले आणि त्यांच्यात विभाजन होत असलेल्या पेशींची गर्दी. पांढऱ्या पेशींची पैदास इथे होते, असं त्याने ओळखलं आणि त्यांना अंकुरकेंद्रं अशा अर्थाचं नाव दिलं. तेच नाव आजही चालतं. लिम्फोमाच्या बऱ्याच प्रकारांची सुरुवात याच अंकुरकेंद्रांतल्या पेशींपासून होते. आत्याच्या गाठीचा तुकडा ज्या डॉक्टरांनी भिंगाखाली पाहिला, त्यांनी फ्लेमिंगच्याच वाटेवरून पाहिलं.

१८८५ मध्येच अंडाशयातल्या पेशी मरताना त्यांचं क्रोमॅटिन कसं गोळा होऊन फुटतं, याचीही त्याने चित्रं काढली. पेशी ठरवल्यासारखी, शिस्तीत मरते ही गोष्ट पुढे जवळजवळ विसरली गेली. १९७२ मध्ये तिला अपॉप्टोसिस हे नाव मिळालं तेव्हा पुन्हा लक्ष गेलं. म्हणजे पेशीचा जन्म आणि पेशीचं मरण, दोन्ही एकाच माणसाच्या वहीत.

आता सिस्टरांनी टाळलेला प्रश्न. व्हिन्क्रिस्टिन नेमकं अडवतं कुठे? चातीच्या तंतूंपाशी. हे तंतू ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटा रचून बनतात. व्हिन्क्रिस्टिन त्या विटांना चिकटतं, मग नळी उभीच राहत नाही. धागे जाड होतात, उभे चिरलेले असतात, निघायची तयारी पुरी, पण ओढणारे दोरच नाहीत. पेशी मध्यावस्थेपाशी अडकते आणि बऱ्याचदा फ्लेमिंगने चितारलं तशीच मरते. ज्या पेशी सारख्या विभागतात त्यांना फटका जास्त. गाठीतल्या पेशी तशा, पण केसांच्या मुळातल्याही तशाच, म्हणून केस जातात. बोटं बधिर होतात त्याचं कारण निराळं. मज्जातंतूंच्या पेशी विभागत नाहीत, पण त्यांच्या लांबच लांब शेपटांत माल वाहून न्यायला याच नळ्या रूळ म्हणून वापरल्या जातात. रूळ उखडले की सगळ्यात लांबची स्टेशनं आधी बंद पडतात, म्हणजे बोटांची टोकं. आत्याला तिसऱ्या केमोनंतर ब्लाउजचे हूक लावता येईनात. ती म्हणाली, थंडीने असेल. मे महिना होता.

सदाफुली मूळची मादागास्करची. १९५८ मध्ये कॅनडातल्या नोबल आणि बीअर यांनी तिच्यातून पहिलं असं औषध वेगळं केलं, आणि व्हिन्क्रिस्टिनला १९६३ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. आमच्या हॉस्टेलच्या पाण्याच्या टाकीशेजारी सदाफुली माजली आहे, तिला कुणी पाणीही घालत नाही. पण म्हणून पानं उकळून पिण्याचा उद्योग कुणी करू नये. टनभर पानांतून हे औषध अगदी चिमूटभर निघतं आणि मात्रा जराशी चुकली तर ते विष आहे.

माणसाच्या पेशीत हे धागे किती, ते फ्लेमिंगनेही मोजून पाहिलं होतं, डोळ्याच्या बाहुलीवरच्या पारदर्शक पडद्यातल्या पेशींमध्ये. त्याचा आकडा चोविसाच्या आसपास आला. त्याच्या आवडत्या सॅलॅमँडरमध्ये खरोखरच २४ असतात, माणसात मात्र ते भिंगाखाली एकमेकांवर पडून गर्दी करतात. पुढे १९२३ पासून बरीच वर्षं ४८ हा आकडा पुस्तकांत चालला. टियो आणि लेव्हान यांनी स्वीडनमध्ये नीट पसरून मोजले आणि १९५६ मध्ये खरा आकडा छापला, ४६. म्हणजे फ्लेमिंगच्या पुस्तकानंतर ७४ वर्षांनी. साधी मोजणी, पण केवढी उठाठेव.

४ ऑगस्ट १९०५ ला वाल्टर फ्लेमिंग कीलमध्ये वारला. वय ६२.

आपल्या मराठी पुस्तकात मायटोसिसला सूत्री विभाजन म्हणतात. शाळेत असताना मी हा शब्द रटला होता आणि त्यात सूत आहे हे दिसलंच नव्हतं. ग्रीकमध्ये मितोस म्हणजे धागा, मागावरचा उभा धागा. ज्याने मराठी शब्द केला त्याने फ्लेमिंगचा धागा बरोब्बर उचलला. इंग्रजीत क्रोमोसोम म्हणजे नुसती रंगीत वस्तू, आणि आपल्याकडे मात्र गुणसूत्र. इथेही सूत आहेच.

फ्लेमिंगच्या चित्रांचं एक पान मी झेरॉक्स काढून पाचव्या केमोच्या वेळी नेलं होतं. औषध कुठे अडवतं ते आत्याला बोटाने दाखवलं. तिने चष्मा लावून नीट पाहिलं. लडीच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली की हा गुंता सुटणारा आहे, यात गाठ नाही. मग ताऱ्याच्या चित्राकडे बघून विचारलं, म्हणजे बीम भरून तयार, पण माग बंद? मी म्हटलं, हो, अगदी तसंच. सुईतून थेंब पडत होते. तिने पुढे मागांच्या लाइटबिलाचं बोलायला सुरुवात केली.

सहावी केमो जूनमध्ये झाली. स्कॅनमध्ये गाठ दिसत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. केस परत यायला लागलेत, पहिल्यापेक्षा कुरळे. बोटांची टोकं अजून बधिर आहेत, तुटलेला धागा चिमटीत येत नाही म्हणून ती माझ्या चुलत बहिणीवर ओरडते. गणपतीत गेले तेव्हा ते झेरॉक्सचं पान दिसलं. मागच्या कोऱ्या बाजूवर तिने सुताचा हिशोब लिहिला होता.